वैशाख, वर्ष ४२ : रोम, चीन आणि गोवर्धनचे विणकर



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे उभे राहतात. शाळेत सनावळ्या पाठ केल्या आणि परीक्षा झाली की विसरलो. आम्ही तर शाळा अर्धी सोडून सूतगिरणीत लागलेली माणसे. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, वाचनालयातून एकेक पुस्तक घरी आणून. तेव्हा आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा असे समितीने सांगितल्यावर आम्ही ठरवले की दोन हजार वर्षांचा पसारा मांडायचा नाही. एकच वर्ष घ्यायचे आणि त्या वर्षी जगात काय चालले होते ते बघायचे. एका टोकाला रोम, दुसऱ्या टोकाला चीन, आणि मध्ये आपण.

ते वर्ष इसवी सन १२०.

आधी रोमकडे जाऊ. त्या वर्षी रोमच्या गादीवर हेड्रियन नावाचा बादशहा होता. इ.स. ११७ मध्ये तो गादीवर आला. त्याच्या आधीचा त्राजान मोठा लढवय्या, पार इराणच्या आखातापर्यंत फौजा घेऊन गेलेला. हेड्रियनने गादीवर येताच पूर्वेकडचे ते नवे जिंकलेले मुलूख सोडून दिले. इ.स. ११८ मध्ये त्याने आणखी एक गोष्ट केली. लोकांकडे सरकारची जी जुनी थकबाकी होती तिची कागदपत्रे त्राजानच्या नावाच्या चौकात आणून सर्वांसमक्ष जाळली. आकडा नव्वद कोटी सेस्टर्सचा. सेस्टर्स हे त्यांचे रोजच्या व्यवहाराचे नाणे. इ.स. १२० साली तो रोममध्येच होता, पुढच्या वर्षी दौऱ्यावर निघाला, आणि १२२ मध्ये इंग्लंडच्या उत्तरेला त्याची ती प्रसिद्ध भिंत सुरू झाली. इतिहासाच्या पुस्तकात हे सगळे सविस्तर मिळते.

पण आम्हाला त्या राज्यातली एक वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्राजानच्या काळात, इ.स. ११० च्या सुमारास, आजच्या तुर्कस्तानात असलेल्या निकोमिडिया शहरात मोठी आग लागली. तिथला सुभेदार प्लिनी याने बादशहाला पत्र लिहिले की आग विझवायला कारागिरांची दीडशे माणसांची एक संघटना काढू द्यावी, त्यांच्यावर लक्ष ठेवणे काही अवघड नाही. बादशहाने नकार दिला. कारण काय, तर अशा मंडळ्यांना नाव काहीही द्या, थोड्याच दिवसांत त्या राजकारण करू लागतात. आग विझवायच्या बादल्या ठेवा म्हणाला, पण संघटना नको. युनियन काढायला गेलेल्या माणसाला हे उत्तर ओळखीचे वाटेल.

आता दुसरे टोक. चीनमध्ये तेव्हा हान घराण्याचे राज्य. सम्राट आन पंचविशी ओलांडलेला, पण कारभार राजमाता डंग हिच्या हातात. ही बाई शिकलेली होती. बान झाओ नावाच्या विदुषीकडे ती शिकली, आणि ही बान झाओ म्हणजे भावाने अपुरा ठेवलेला हान घराण्याचा इतिहास पुरा करणारी बाई. आपल्या मुली-सुनांनी ही दोन नावे लक्षात ठेवावीत. याच दरबारात त्साय लुन नावाचा अधिकारी होता. त्याने इ.स. १०५ मध्ये झाडाची साल, तागाची टोके, फाटक्या चिंध्या आणि जुनी मासेमारीची जाळी यांच्या लगद्यापासून कागद बनवण्याची रीत दरबारापुढे मांडली. म्हणजे आज हातात धरलेल्या या स्मरणिकेच्या कागदाचे मूळ शोधत गेले तर चिंध्यांपाशी पोचतो. राजमाता इ.स. १२१ मध्ये वारली, दरबाराचे वारे फिरले आणि त्साय लुनने विष घेऊन आत्महत्या केली.

इ.स. १२० ची चिनी दरबारातली नोंद मोठी मौजेची आहे. शान नावाच्या देशाच्या राजाने, म्हणजे आजच्या म्यानमारकडच्या एका राजाने, सम्राटाकडे गवय्ये आणि गारुडी पाठवले. ते तोंडातून आग काढत, स्वतःला बांधून घेऊन आपोआप सुटत, आणि गाईचे डोके घोड्याला लावल्यासारखे दाखवत. कुठले तुम्ही असे विचारल्यावर म्हणाले, आम्ही समुद्राच्या पश्चिमेकडचे. चिनी लोक रोमच्या मुलखाला ‘ता छिन’ म्हणत, तोच हा असे इतिहासकाराने लिहून ठेवले. पुढच्या नववर्षाला दरबारात त्यांचा खेळ झाला. परदेशी लोकांचे असले चाळे दरबारात शोभत नाहीत अशी एका अधिकाऱ्याने हरकतही घेतली. तरी शानच्या राजाला मोहोर, सोने, चांदी आणि रंगीत रेशीम मिळाले.

आता प्रश्न असा की रोमच्या मुलखातली माणसे म्यानमारपर्यंत पोचली कशी? मध्ये कोण होते? मध्ये आपणच होतो. तांबड्या समुद्रातून निघालेली गलबते पावसाळी वाऱ्यावर स्वार होऊन भडोच, सोपारा, कल्याण या बंदरांना लागत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशाने या वाटेची माहितीपुस्तिकाच लिहून ठेवली आहे. तिच्यात आपल्या मराठवाड्यातली दोन गावे नावानिशी आहेत, एक पैठण आणि दुसरे तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले आजचे तेर. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. पैठणहून रंगीत मौल्यवान दगड जायचा. तगरहून काय जायचे? साधे कापड, भरपूर. तलम कापड, नाना तऱ्हेचे. बैलगाड्या भरून, रस्ता नसलेल्या मुलखातून, भडोचपर्यंत.

शिरड शहापूरच्या माणसाला काळी जमीन आणि कापूस याबद्दल सांगायला नको. वेचणीला कोण जाते, ओटीत कापूस धरून दिवसभर वाकून कोणाची कंबर मोडते, हेही सांगायला नको. आमचा सवाल एवढाच की त्या गाड्यांतल्या कापडासाठी ज्यांनी कापूस वेचला, सूत कातले, माग चालवला, त्यांचे नाव कुठे लिहिले गेले का? रोमचा प्लिनी (वरच्या सुभेदाराचा मामा) तक्रार करतो की हिंदुस्थान दरवर्षी आमचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. पैसा आला हे कळते. कोणाच्या घरात आला हे त्याच्या पुस्तकातून कळत नाही.

ते कळते आपल्या लेण्यांतून. सगळे नाही, पण काही कळते.

नाशिकच्या डोंगरावरच्या लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा त्यांच्याशी काडीचाही संबंध नाही. शिलालेखात डोंगराचे नाव तिरण्हु, म्हणजे त्रिरश्मी, असे आहे. तिथल्या दहाव्या लेण्याच्या ओसरीत जो लेख आहे त्याची सुरुवातच वर्ष आणि महिन्याने होते : वर्ष ४२, वैशाख मास. वैशाख वाचल्यावर आमच्या अंगावर काटा आला, हे खोटे कशाला सांगा. लेख कोरवणारा उषवदात, दिनीकाचा मुलगा आणि क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई. ही मंडळी शक, म्हणजे बाहेरून आलेली. उषवदाताने हे लेणे चारी दिशांच्या भिक्खूसंघाला दिले. आपला तो ‘लेणे’ शब्दही तिथे ‘लेण’ असा कोरलेला आहे.

हे ४२ वे वर्ष शक संवताचे धरले तर इ.स. १२० येते आणि आतापर्यंत बहुतेक पुस्तकांत असेच धरलेले आहे. नाण्यांचा अभ्यास करणारे काही विद्वान अलीकडे म्हणतात की नहपान त्याहून चाळीसेक वर्षे आधीचा. त्या ग्रीक खलाशाच्या पुस्तिकेत नहपानासारखे एक नाव येते, हाही त्यांचा एक आधार. वाद विद्वानांचा आहे, त्यांनी तो करावा. आम्ही जुनी गणना धरून चाललो आहोत. दगडावर जे लिहिले आहे ते मात्र दोन्ही बाजूंना सारखेच मान्य आहे.

आणि दगडावर लिहिला आहे हिशेब. उषवदाताने लेण्याबरोबर तीन हजार कार्षापण, म्हणजे चांदीची नाणी, कायमची ठेव म्हणून दिली. वर्षावासात या लेण्यात राहणाऱ्या भिक्खूंच्या चीवरासाठी आणि इतर किरकोळ खर्चासाठी. ठेव कुठे ठेवली? राजाच्या खजिन्यात नाही, कोण्या सावकाराकडेही नाही. गोवर्धन गावच्या विणकरांच्या संघाकडे ठेवली. लेखातला शब्द ‘कोलिक निकाय’. कोलिक म्हणजे विणकर, कोष्टी. निकाय म्हणजे संघ. गोवर्धन नावाचे गाव आजही नाशिकजवळ आहे. दोन हजार एका विणकर संघाकडे, दर महिना शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसऱ्या विणकर संघाकडे, दर महिना शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे, असेही लिहून ठेवले आहे.

आता पेन्सिल घ्या. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस. बारा महिन्यांचे दोनशे चाळीस. लेख म्हणतो की या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावेत. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. एक नाणे इकडे नाही की तिकडे नाही! दुसऱ्या हजाराचे पाऊण टक्क्याने वर्षाला नव्वद होतात, ते बाकीच्या खर्चाला. आमच्या विहाराची सहल नाशिकला गेली तेव्हा आम्ही त्या ओसरीत उभे राहून पोरांना हा हिशेब तोंडी करायला लावला. सातवीतल्या एका पोरीने आमच्या आधी उत्तर सांगितले.

बारा कार्षापण म्हणजे किती, हेही तिथेच कळते. उषवदाताच्या दुसऱ्या एका दानाच्या नोंदीत सत्तर हजार कार्षापण म्हणजे दोन हजार सुवर्ण असा हिशेब आहे. म्हणजे पस्तीस चांदीच्या नाण्यांना एक सोन्याचे. एका भिक्खूचे वर्षाचे चीवर सोन्याच्या नाण्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढ्या किमतीचे धरलेले होते. नाण्याचा प्रश्न कोरडा वाटतो खरा, पण बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला तो काही उगीच नाही.

लेखाच्या शेवटाकडे दोन शब्द येतात, ते आम्हाला सगळ्यात मोलाचे वाटतात. हे सगळे निगमसभेत ‘श्रावित’ केले आणि फलकांच्या दप्तरी ‘निबद्ध’ केले. श्रावित म्हणजे ऐकवले. निगमसभा म्हणजे गावच्या व्यापारी-कारागिरांची सभा. ज्याला वाचता येत नव्हते त्याच्याही कानावर रक्कम, व्याजाचा दर आणि कोणासाठी किती, हे घातले गेले. त्यानंतर दप्तरात नोंद झाली, आणि वर दगडावर कोरले. एकाच व्यवहाराला तीन साक्षी.

आम्ही ज्या सूतगिरणीत रिंग खात्यात आयुष्य काढले ती बंद पडली, तेव्हा कामगारांच्या पैशाचा हिशेब कोणी कोणाला ऐकवला नाही. फंडाचा पैसा किती कापला, किती भरला, ग्रॅच्युइटी किती होते, हे विचारायला आम्ही या टेबलावरून त्या टेबलावर हेलपाटे घातले. आमच्याबरोबरचे काहीजण हिशेबाचा कागद हातात पडण्याआधीच गेले. त्यांच्या बायकांनी पुढे ते हेलपाटे घातले. म्हणून आम्हाला त्या ‘श्रावित’ शब्दाशी अडखळायला होते. चांदीची तीन हजार नाणी राजाच्या जावयाने कापड विणणाऱ्यांच्या हाती निर्धास्त सोपवली, आणि आपल्या काळात सूत काढणाऱ्याचा स्वतःचा पैसा त्याच्या हाती यायला इतकी वर्षे लागावीत!

विणकरांचा यात फायदा काय होता? आमचा अंदाज असा की त्यांना कायमचे भांडवल मिळाले. सूत घ्यायला, माग मांडायला, सुगीपर्यंत थांबायला पैसा लागतो. शेकडा एक दराने तो हाती राहिला आणि परत मागायला कोणी येणार नव्हते. पण असा पैसा एकट्यादुकट्या विणकराकडे कोणी ठेवत नाही. माणूस मरतो, गाव सोडून जातो. संघ मरत नाही. रोमच्या बादशहाला कारागिरांच्या ज्या एकीची भीती वाटली, त्याच एकीवर गोवर्धनमध्ये विश्वास टाकला गेला. दोन्ही गोष्टींत फार तर दहा वर्षांचे अंतर.

उषवदाताला आम्ही डोक्यावर घेत नाही. त्याच ओसरीतला दुसरा लेख सांगतो की त्याने तीन लाख गाई दान केल्या, देवांना आणि ब्राह्मणांना सोळा गावे दिली, वर्षभर लाख ब्राह्मणांना जेवू घातले. त्याचे दान सगळीकडे होते. पण नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या, भडोच, सोपारा, गोवर्धन अशा ठिकाणी धर्मशाळा बांधल्या, हेही त्यात आहे. आणि भिक्खूंच्या अन्नासाठी शेत दिले ते कोणाकडून हिसकावून नव्हे, अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून चार हजार कार्षापण मोजून विकत घेऊन दिले. त्याची बायको दक्षमित्रा हिनेही तिथे एक खोली दान दिली आणि तिच्या नावाचा वेगळा लेख आहे. बाईचे दान नवऱ्याच्या नावात बुडवलेले नाही.

पुढे काय झाले? गौतमीपुत्र सातकर्णी आला. त्याने नहपानाचे राज्य बुडवले. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी इथे तेरा हजारांवर नाणी सापडली, सगळी नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. नाणे तेच, मालक बदलला. आपल्या राज्याच्या अठराव्या वर्षी त्याने लढाईच्या छावणीतूनच गोवर्धनच्या अमात्याला हुकूम पाठवला की पूर्वी उषवदाताकडे असलेले दोनशे निवर्तने शेत आम्ही त्रिरश्मीच्या भिक्खूंना देत आहोत. सरकारी माणसाने त्या शेतात शिरू नये, मीठ खणू नये, त्रास देऊ नये.

हुकूम छान. पण त्याच्या खालीच सहा वर्षांनंतरचा, चोविसाव्या वर्षाचा हुकूम कोरला आहे. तो राजाच्या आणि राजमातेच्या नावाने आहे. तो म्हणतो : आधी दिलेले काखडी गावातले शेत कसले जात नाही, आणि ते गावही ओस आहे. म्हणून नगराच्या हद्दीवरच्या आमच्या सरकारी जमिनीतून शंभर निवर्तने देत आहोत. दोनशे कागदावर मिळाली होती, हातात आली ती शंभर, तीही सहा वर्षांनी. गायरानासाठी मोर्चे काढलेल्या, सात-बाऱ्यावर नाव चढावे म्हणून तहसीलच्या पायऱ्या झिजवलेल्या आमच्या पिढीला हा हुकूम समजावून सांगायला पंडित लागत नाही. तरी एक म्हणावे लागेल, राजाने चूक दडवली नाही. शेत पडीक आहे हे सरकारी हुकमात लिहिले आणि दगडावर कोरून घेतले.

त्याच तिसऱ्या लेण्यात सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने नातवाच्या राज्यात कोरवलेला मोठा लेख आहे. मुलाची स्तुती करताना ती त्याला चातुर्वर्ण्याचा संकर थांबवणारा म्हणते. लेणे मात्र ती भिक्खूसंघालाच दान करते. आमच्या काही कार्यकर्त्यांना सातवाहन हे सरसकट आपले राजे वाटतात. त्यांनी हा लेख एकदा नीट वाचावा. मिराशींच्या सातवाहन आणि क्षत्रपांच्या लेखांवरील पुस्तकात सगळे लेख मराठी अर्थासह आहेत, १९७९ चे पुस्तक आहे. दान घेतले म्हणून राजाची विचारसरणी आपली होत नाही, आणि राजाची विचारसरणी आपली नाही म्हणून दानाचा हिशेबही खोटा ठरत नाही.

चीनकडे वळून एक राहिलेली गोष्ट सांगतो. इ.स. १२० मध्ये तिथल्या दरबाराला गारुड्यांचे नवल वाटले, पण बुद्धाचे नाव तिथे त्याच्या आधीच पोचले होते. इ.स. ६५ मध्ये ल्यू यिंग नावाच्या राजपुत्राने कुठल्याशा अपराधाच्या धास्तीने सम्राटाकडे रेशमाचे तीस तागे दंड म्हणून पाठवले. सम्राटाने ते परत केले आणि आज्ञा दिली की यातून उपासकांना आणि श्रमणांना भोजन द्यावे. ‘उपासक’ आणि ‘श्रमण’ हे आपले शब्द चिनी अक्षरांत त्या राजाज्ञेत आहेत. तिकडेही पुन्हा कापडच.

त्रिरश्मीची ही रीत उषवदाताबरोबर संपली नाही. तिसऱ्या शतकात, आभीर राजा ईश्वरसेनाच्या राज्यात, विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी ठेवी ठेवल्या. त्या कुंभारांच्या, पाण्याची यंत्रे करणाऱ्यांच्या आणि तेल्यांच्या श्रेणींकडे होत्या. जुन्नरच्या लेण्यांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी करणाऱ्यांच्या श्रेणींची नावे आहेत. हातांनी काम करणाऱ्या ज्या जातींना पुढे गावगाड्यात खालच्या पायरीवर बसवले, त्यांच्याकडे त्या काळी संघाचा पैसा विश्वासाने ठेवला जात होता.

आपल्या विहाराच्या भिंतीवर दात्यांचा फलक आहे. त्यावर नावे आणि रकमा आहेत. त्या रकमांचे पुढे काय झाले, किती खर्च, किती शिल्लक, बँकेत किती व्याज आले, यासाठी फलकावर खाली बरीच जागा मोकळी आहे. येत्या वैशाख पौर्णिमेला वंदना झाल्यावर सगळ्यांसमक्ष हिशेब वाचून दाखवावा अशी सूचना आम्ही समितीकडे लेखी दिली आहे. महिला मंडळाने तिला आधीच पाठिंबा दिला आहे. त्यांच्या भिशीत हे दर महिन्याला होतेच.

कोणी नाशिकला गेले तर दहाव्या लेण्याच्या ओसरीत सकाळच्या उजेडात थांबावे. दुपारनंतर अक्षरे नीट दिसत नाहीत, म्हणून सोबत बॅटरी असू द्यावी. तीन हजार, दोन हजार, एक हजार असे आकडे अक्षरांबरोबर खुणांनीही कोरलेले आहेत. लेखावर हात फिरवू नये, दगड झिजतो.